थंड इंजिनाजवळ बसलेला माणूस

तुमच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाने तुम्हाला नमस्कार करण्याआधी तुमच्या टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला, तर तुम्ही त्याला बसायला सांगाल की शेजाऱ्यांना हाक माराल?

आमच्या मरोळमध्ये परबकाकांना सगळे बसायला सांगतात. सवय झाली आहे. काका आत येतात, टीव्हीच्या पाठीला तळहात लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘‘तापलो हा. भिंतीपासून पुढे घे. वाऱ्याक वाट दी.’’ मग चहा घेतात.

टीव्हीवर भागत नाही. पिठाच्या गिरणीत गेले की दळण ठेवायच्या आधी मोटरीला हात. गणपतीत मंडपात आले की मूर्तीआधी अ‍ॅम्प्लिफायरला हात. बसस्टॉपवर बस थांबली की लोक मागच्या दाराने चढतात आणि काका पुढे जाऊन रेडिएटरच्या जाळीसमोर तळहात धरतात. एकदा ड्रायव्हरने वरून विचारलं, ‘‘काका, चढताय की तपासताय?’’ काका म्हणाले, ‘‘तपासून चढतंय.’’ आणि तेवढ्यात बस निघून गेली. ‘‘घाट चढूची नाय ती,’’ असं काकांनी मागे राहून जाहीर केलं. मरोळ ते अंधेरी स्टेशन या रस्त्यावर घाट कुठे आहे, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

काका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर असतात. जन्म मालवणकडचा, उमेदीची वर्षं सगळी मुंबईत गेलेली. त्यामुळे बोलणं अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं. त्यांच्या मते जगात दोनच पक्ष आहेत, गरम आणि थंड. मी आमच्या संघटनेची पत्रकं वाटत त्यांच्या दारात गेलो, की ते पत्रक वाचत नसत. हातात धरून वजन करत आणि म्हणत, ‘‘पुढारी, गरम हा. जरा थंड करून आण.’’ मला ते पुढारीच म्हणतात. मी कशाचाही पुढारी नाही. पत्रकं लिहितो, छापून आणतो आणि वाटतो. लहानपणी गोष्टींच्या पुस्तकांऐवजी हीच वाचून मोठा झालो, त्यामुळे साधं पोस्टकार्ड लिहायला घेतलं तरी शेवटी उद्गारचिन्ह येतं.

पण काकांचं खरं साम्राज्य म्हणजे मोटारसायकल.

त्यांची स्वतःची गाडी जुनी आहे, काळी आहे आणि तिला चकाकी अशी कुठेच नाही. पण तिचं इंजिन पाहा. मोटारसायकलच्या इंजिनाला गार करायला पाणी नसतं, मोटारीसारखा रेडिएटर नसतो. असतो तो वारा. सिलिंडरच्या बाहेरून लोखंडाचे जे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले दिसतात, ज्यांना फिन्स म्हणतात, त्यांच्यामधून वारा जातो आणि इंजिनाची उष्णता घेऊन जातो. त्या फटींत चिखल बसला, तेल बसलं, की गाडी तापलीच. काका दर शनिवारी रॉकेलमध्ये टूथब्रश बुडवून एकेक फट घासतात. काकी उंबऱ्यावर तांदूळ निवडत म्हणतात, ‘‘आमच्या दातांक वेळेवर ब्रश मिळत नाय, हिच्या दातांक मिळता.’’

दसऱ्याला सगळ्या चाळीच्या गाड्यांना इंजिनावरून झेंडूचे हार पडतात. मग आठवडाभर फिन्समध्ये करपलेल्या पाकळ्या आणि भाजलेल्या अक्षता. काकांच्या गाडीचा हार हँडललाच. त्याच्या खाली एक पाकळीही उतरू देत नाहीत. ‘‘देवाक हार होयो, इंजिनाक वारो होयो. दोघांका आपापला मिळू दे.’’

कोणाची गाडी तापते अशी तक्रार आली, की काका मालकाला बोलू देत नाहीत. ‘‘तू गप. तिका बोलू दे.’’ आधी तिला चांगली दमवायची, म्हणून स्वतः मागे बसून सहार रोडला चक्कर. परत आले की बोट पाण्यात बुडवून एक थेंब सिलिंडरवर उडवायचा. थेंब जागच्या जागी चुर्र होऊन गेला तर ठीक. टुणकन उडून नाचायला लागला तर काकांच्या कपाळावर आठी. मग प्लग काढायचा. त्याचं टोक चॉकलेटी हवं. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. कार्बोरेटर नाहीतर त्याचं रबर बघायचं. मग ऑईल, बोटांत चोळून आणि हुंगून. मग टॅपेट, मग पॉइंट, मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात, श्वास मोकळा आहे का म्हणून. या सगळ्यात मालकाची रविवारची सकाळ जाते. पण गाडीवर पाणी ओतायला निघालेल्या माणसाची मात्र खैर नाही. ‘‘गरम इंजिनार थंड पाणी घालूचा नसता! तडा जाता!’’ हे वाक्य आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा पाठ आहे.

काका चुकत नाहीत असं मात्र समजू नका. एका मास्तरांच्या गाडीचं अख्खं हेड त्यांनी खोलून अंगणात मांडलं होतं. मास्तर बिचारे वर्तमानपत्रावर मांडलेल्या आपल्या गाडीकडे पाहत उभे. शेवटी कळलं, की मागचा ब्रेक चाकाला घासत होता आणि इंजिन त्या ब्रेकशी झगडून तापत होतं. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘बघितलास? भांडण मागे, ताप पुढे.’’ जणू हेड खोलल्याशिवाय हे कळलंच नसतं.

असा हा माणूस. आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

काकांना एकच मुलगी, शैला. आम्ही एका गॅलरीत वाढलो. ब्रश आणि रॉकेल तिच्याही हाताला होतं. प्लगचं गॅप ती नुसत्या डोळ्याने सांगायची. तिने तिच्या ऑफिसातल्या विलासशी लग्न ठरवलं. विलास बौद्ध, घरचे मूळचे जालन्याकडचे, स्वभावाने इतका शांत की काकांनी थर्मामीटर लावला असता तरी पारा हलला नसता. काका म्हणाले, ‘‘नाय.’’ कारण विचारलं तर तेच, ‘‘नाय.’’ साऱ्या जगाच्या तापाचं कारण शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या तापाचं कारण तोंडाने सांगता आलं नाही. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते कारण लाज वाटण्यासारखं आहे, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणतो.

लग्न रजिस्टर झालं. काका आले नाहीत. साक्षीदार म्हणून मी सही केली.

त्या दिवसापासून काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण आमच्या संघटनेची एक सेकंडहँड मोटारसायकल माझ्या ताब्यात असे, आणि तिच्याशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यामुळे जे काही सांगायचं ते काका गाडीला सांगू लागले. मी जिना उतरून आलो, की ते टाकीवर हात ठेवून म्हणत, ‘‘सांग तुझ्या मालकाक, चेन सैल झाली हा.’’ मी म्हणे, ‘‘काका, मी इथेच आहे.’’ काका गाडीला म्हणत, ‘‘आणि सांग, मध्ये बोलू नको.’’

त्या उन्हाळ्यात आमची एक लढाई चालू होती. एका कारखान्याने आमच्या वस्तीची जुनी पायवाट अडवून कंपाउंडची भिंत घातली होती. आम्ही प्लायवूडचा भलामोठा बोर्ड रंगवला, ‘भिंत पाडा!’, आणि तो मोटारसायकलच्या लेग-गार्डला पुढून तारेने आवळून बांधला. मरोळभर फिरत होतो. लोक वळून वाचत होते. आणि गाडी साकीनाक्यापर्यंतसुद्धा धड पोचेना. दम लागल्यासारखी ओढायची, खालून खडखड आवाज करायची, मग एकदम मान टाकायची.

मी ती ढकलत आणली. काका गॅलरीत होते. खाली आले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

‘‘काय गे, काय झाला?’’ गाडीला विचारलं.

थेंब उडवला. टुणकन. प्लग काढला, पांढरा फटक. ऑईल हुंगलं. कार्बोरेटरचं रबर दाबून पाहिलं. सायलेन्सरशी हात धरला. बाकी सगळं ठीक. काका उकिडवे बसून इंजिनाकडे बघत राहिले, मग सावकाश त्यांची नजर वर, बोर्डावर गेली. उठले, बोर्डाच्या पुढच्या बाजूला जाऊन मोठ्याने वाचलं. परत मागे आले.

‘‘सांग तुझ्या मालकाक,’’ ते गाडीला म्हणाले, ‘‘भिंत पाडा म्हणतत, आणि इंजिनाच्या तोंडार भिंत बांधतत. वारो जातलो खंयसून?’’

गॅलरीतून हशा झाला. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. चाळीतले सगळे हसले. मला राग आला. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, म्हणून जास्तच आला.

मीही टाकीवर हात ठेवला. ‘‘आणि काकांना सांग,’’ मी गाडीला म्हणालो, ‘‘की काही लोक भिंत घरात बांधतात. तिथे कोणाचा जीव गुदमरतो ते मात्र बघत नाहीत.’’

हसणं थांबलं. काकांनी पक्कड घेतली, बोर्डाची तार एकेक करून तोडली, बोर्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि जिना चढून गेले.

गाडी नंतर कधी तापली नाही. बोर्ड आम्ही हातात धरून फिरवला.

त्यानंतर काकांच्या वागण्यात एक नवी गोष्ट आली. रविवारी सकाळी ते कारखान्यात जात. सुटी असताना. परत येत तेव्हा दुपार उलटलेली असे, आणि त्यांच्या गाडीच्या कॅरियरवर एक गोणपाट असे. रिकामं, पण ओलंचिंब. गाडीच्या मागून पाण्याची रेघ फाटकापासून जिन्यापर्यंत येई. कोणी विचारलं, तर म्हणत, ‘‘लांब गेललंय. इंजिन तापला. थांबाचा लागला.’’

काकांचं इंजिन? तापलं?

मी काकींना विचारलं. त्या सूप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, ‘‘शैलाक दिवस गेलेत रे. मी जाऊन इलंय मुलुंडाक. चिंच नको म्हणता, कैरी नको म्हणता. बर्फाचे डोहाळे लागलेत तिका. कडाकडा चावता. लहानपणी बापूस आणून देय ना, तसो.’’ मग आणखी हळू, ‘‘मी येऊन ह्यांका सांगितलंय. हे कायच बोललेत नाय. फक्त इतक्याच विचारल्यानी, वरच्या मजल्यार ना? स्लॅब तापता. फॅन आसा काय?’’

पुढच्या रविवारी शैलाने मला जेवायला बोलावलं होतं. मुलुंडला त्यांची खोली अगदी वरच्या मजल्यावर. खरोखरच स्लॅब तापतो. दुपारी पंख्यातूनसुद्धा भट्टीचा वारा येतो. विलासने ताटं मांडायला घेतली होती. शैला खिडकीशी उभी होती.

‘‘ये, बघ तुझा काका,’’ ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर परबकाका बसले होते. समोर काळी मोटारसायकल, बारीकशा सावलीत. कॅरियरवर गोणपाटात बांधलेला बर्फाचा मोठा तुकडा, बाजूने भुसा बाहेर आलेला, आणि खाली रस्त्यावर वाढत चाललेलं ओलं वर्तुळ. काका मधूनमधून सिलिंडरला हात लावत आणि मान हलवत. अजून नाही. अजून गरम आहे.

‘‘बाबांचं इंजिन तापलंय म्हणे,’’ शैला म्हणाली. ‘‘अरे, ती गाडी मे महिन्यात खंडाळा चढून गेली होती, मला पुढे टाकीवर बसवून. तेव्हा नाही तापली. एवढ्याने तापते?’’

‘‘मग तू खाली का जात नाहीस?’’

ती वळली. तेच डोळे, तीच आठी. ‘‘का म्हणून? मी काय चूक केली? लग्नात आले नाहीत ते चालेल एक वेळ. पण एकदा विलास खाली गेला होता, पाणी घेऊन. सांग रे याला, काय झालं.’’

विलास ताटाशीच होता. जरा हसला. ‘‘काही नाही. मी ग्लास पुढे केला. काका म्हणाले, गरम इंजिनावर थंड पाणी घालायचं नसतं. तडा जातो.’’

‘‘इंजिनासाठी आणलं होतं का पाणी?’’ शैलाचा आवाज चढला. ‘‘विलासच्या हातचं प्यायचं नव्हतं, एवढंच. आता वर यायचं ते त्यांनी. त्याला हाक मारून यायचं. नाहीतर वितळू दे बर्फ. मी गोळेवाल्याकडून आणून खाईन.’’

तिचं बरोबर होतं. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. तिने पायरी उतरायची नाही. पायरी चढायची ती दुसऱ्या बाजूने. पण खाली ते ओलं वर्तुळ गटारापर्यंत पोचलं होतं, आणि ती खिडकीतून हलत नव्हती.

मी खाली गेलो. माझी गाडी त्यांच्या गाडीशेजारी आणून लावली. काकांनी लगेच तिच्या टाकीवर हात ठेवला.

‘‘तू कशी आसस गे? बरी आसस ना आता?’’

‘‘बरी आहे म्हणते,’’ मी गाडीच्या वतीने म्हणालो. ‘‘विचारते आहे, तुमच्या इंजिनाला काय झालंय?’’

‘‘तापला हा.’’

मी त्यांच्या सिलिंडरवर तळहात ठेवला. तो सावलीतल्या पाट्यावरवंट्यासारखा गार होता. मी हात तसाच ठेवला. काकांनी पाहिलं. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

‘‘वर फॅन आसा काय?’’ थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. गाडीला नाही. मला. किती तरी महिन्यांनी, सरळ मला.

‘‘आहे. पण गरम वारा येतो.’’

‘‘येतलोच. गच्चीर ओली गोणपाटं घालूक होयी. त्या पोराक सांग. सांजेक भिजवून घालूची.’’

‘‘तुम्हीच सांगा ना. वर आहे तो. ताटं मांडतोय.’’

काकांनी सिलिंडरला पुन्हा हात लावला. इतका वेळ लावला की मला वाटलं, आता उठतील. मग बर्फाची सुतळी सोडायला गेले आणि सोडता सोडता परत आवळली.

‘‘त्या दिवशी तो पाणी घेऊन इललो,’’ ते सुतळीकडे बघत म्हणाले. ‘‘मी पियालंय नाय.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘इंजिनाचा निमित काढलंय.’’

‘‘तेही माहीत आहे.’’

‘‘तान लागलली माका,’’ काका म्हणाले. ‘‘लय तान लागलली.’’

मी वर बघितलं. खिडकीत शैला होती, तिच्या मागे विलास. काकांनीही बघितलं आणि चटकन मान खाली घातली. किक मारली. इंजिन एका किकमध्ये सुरू झालं, कुठे खडखड नाही, काही नाही. ओल्या रस्त्यावरून रेघ ओढत ते भांडुपच्या दिशेने निघून गेले.

त्याला आता बरेच रविवार झाले. काका अजून जातात. बर्फ अजून वितळतो. मी पोतं उचलून वर नेलं तर शैला घेणार नाही, कारण ते तिच्या बापाने आणलेलं नसेल, मी आणलेलं असेल. विलासने उचललं तर काका उचलू देणार नाहीत. त्यांना त्याच्या डोळ्यांत बघावं लागेल. आणि आता शैलाचे दिवस भरत आले आहेत.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही मुलुंडला राहत असाल, किंवा या रविवारी तिकडे जाणार असाल, तर एक काम करा. बंद दुकानाच्या पायरीवर, काळ्या मोटारसायकलजवळ बसलेला एक माणूस दिसेल. तो सांगेल की इंजिन तापलं आहे. वाद घालू नका. सल्ला देऊ नका. इंजिनावर पाणी तर मुळीच ओतू नका, तडा जातो. फक्त कॅरियरवरच्या पोत्याचं एक टोक धरा. बर्फ जड आहे, दुसरं टोक त्यांना धरावंच लागेल.

आणि मग विचारा, ‘‘काका, कुठल्या मजल्यावर?’’